परदेशात समोर बसून जॅझ ऐकायचं तर जायचं कुठं आणि कसं: कोलोनला निघालेल्या सांगलीच्या मुलीला उत्तर

विश्रामबागच्या एका मुलीनं विचारलंय. वालचंदमधून इंजिनिअरिंग झालंय, ऑक्टोबरपासून कोलोनला मास्टर्स, सहा वर्षं मिरजेत तबला शिकलीय, गेलं वर्षभर मोबाईलवर जॅझ ऐकतीय आणि आता समोर बसून ऐकायचंय. तिचे प्रश्न असे की चांगल्या जागा सापडतात कशा, एकटीनं रात्री गेलेलं चालतं का, विद्यार्थ्याला परवडतं का, आणि तबला सोबत न्यावा का.

बाळा, मी मिरजेचाच. सतारमेकर गल्लीपासून दोन मिनिटांवर घर, लहानपणापासून तबला. नोकरीमुळं १९९९ ला न्यूयॉर्कच्या समोर नदीपलीकडं असलेल्या जर्सी सिटीला गेलो, सात वर्षं तिथं, मग पाच वर्षं तुझ्या कोलोनमधे. या बारा वर्षांत, पहिली दोन सोडली तर, आठवड्यातून एक रात्र जॅझला असं ठरवून जगलो, आधी नुसतं ऐकायला आणि नंतर वाजवायलाही. त्यामुळं जे सांगतोय ते अनुभवातलं आहे, थोडं लांबेल पण वाच.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. मोठ्या नावांच्या मागे पळू नकोस. घरापासून ट्रामनं अर्ध्या तासात पोचता येईल अशी एक छोटी खोली शोध, एक वार ठरव आणि त्या वारी जात राहा, कोण वाजवतंय ते न बघता. आपल्याकडं मंगळवारी गणपतीला जाणारा माणूस आज काय विशेष आहे असं विचारून जातो का, तसंच. मी पहिली दोन वर्षं उलटं केलं. पेपरात मोठं नाव दिसलं की तिकीट काढायचो, महिन्याला एकच कार्यक्रम व्हायचा, पैसे खूप जायचे आणि लांबच्या खुर्चीतून जे ऐकू यायचं ते रेकॉर्डपेक्षा फार वेगळं नसायचं. जॅझ कळायला लागलं ते एकाच खोलीत, त्याच ड्रमरला वीस-पंचवीस वेळा, वेगवेगळ्या लोकांबरोबर वाजवताना ऐकलं तेव्हा. तोच माणूस, तेच गाणं, पण मागच्या बुधवारचं आजचं नाही, हे कानाला कळलं की मग सोडवत नाही.

न्यूयॉर्कचं थोडं सांगतो, कारण छोटी खोली म्हणजे काय ते त्यातनं समजेल. व्हिलेज व्हॅनगार्ड म्हणून क्लब आहे, १९३५ पासूनचा, सेव्हन्थ अव्हेन्यूवर रस्त्यावरनं पंधराएक पायऱ्या खाली उतरायचं, खाली तिकोनी तळघर, माणसं मावतात सव्वाशेच्या आत. आपल्या सांगलीच्या भावे नाट्यमंदिराच्या पुढच्या काही रांगांएवढी जागा असेल. २५ जून १९६१ ला, रविवारी, पियानोवादक बिल एव्हन्सच्या त्रयीचं दुपार-संध्याकाळ मिळून पाच सेटचं, म्हणजे पाच बैठकींचं, रेकॉर्डिंग तिथं झालं, ऐकताना ग्लासांची किणकिण आणि टेबलावरची कुजबुज सुद्धा येते. त्यातला बास, म्हणजे उभं धरून वाजवायचं खर्जाचं मोठं तंतुवाद्य, वाजवणारा स्कॉट लाफारो २५ वर्षांचा होता आणि पुढच्या दहा-अकरा दिवसात कार अपघातात गेला. मी पहिल्यांदा त्या पायऱ्या उतरलो तेव्हा हे सगळं डोक्यात होतं आणि खरं सांगतो, खाली गेल्यावर दर्ग्यात शिरल्यावर होतं तसंच मन झालं. तिथं १९६६ च्या फेब्रुवारीपासून सोमवारी मोठा ऑर्केस्ट्रा वाजवतो, सोळाएक वादक त्या तळघरात, पहिल्या रांगेत बसलीस तर ट्रॉम्बोनचा दांडा जवळजवळ अंगावर येतो.

पण माझी खरी शाळा तिथनं चालत दोन मिनिटांवर. स्मॉल्स, १९९४ चा, हाही तळघरातच. मी गेलो तेव्हा १० डॉलर देऊन आत गेलं की पहाटेपर्यंत बसता यायचं, दारूचा परवानाच नव्हता त्यामुळं ड्रिंक घ्याच अशी सक्ती पण नाही. क्रिस्टोफर स्ट्रीटवरनं पाथ ट्रेन रात्रभर चालू, जर्सी सिटीत पोचलं की झोप आणि सकाळी ऑफिस. ती ट्रेन रात्रभर नसती तर मी आज हे उत्तर लिहायला बसलोच नसतो, आणि म्हणून तुला सांगतो की क्लब शोधायच्या आधी शेवटची ट्राम किती वाजता आहे ते शोध. यात गंमत नाही. मनात घड्याळ चालू असेल तर दुसऱ्या सेटला कान लागत नाही.

आता कोलोन. तुझं नशीब चांगलं आहे, जर्मनीत जॅझसाठी बर्लिनच्या खालोखाल मी कोलोनच धरतो. फेनलोअर श्ट्रासेवर श्टाटगार्टन आहे, मोठी जागा, बाहेर झाडाखाली बसायला बाग, तिथं जगभरातले लोक येतात. एरनफेल्डमधे लॉफ्ट आहे, नावाप्रमाणं वरच्या मजल्यावरची खोली, तिथं लोक खुर्चीत गप्प बसून ऐकतात, टाचणी पडली तर आवाज येईल, संगीतही जरा अवघड, मोकळं, ठेका सापडेलच असं नाही. तिथं पहिल्या महिन्यात जाऊ नकोस, सहा महिन्यांनी जा. जुन्या गावात नदीजवळ पापा जोज म्हणून आहे, जुन्या धाटणीचं न्यू ऑर्लिन्सचं जॅझ, टुरिस्ट भरपूर, गोंगाट भरपूर. काही जाणकार तिथं जायला नाक मुरडतात, मला ते पटत नाही. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन तिघं एकाच वेळी आपापली चाल वाजवतात आणि तरी गुंता होत नाही हे डोळ्यांनी बघायला तीच जागा बरी. अलीकडं किंग गेओर्ग नावाचा क्लबही जॅझचा झालाय, मी राहायचो तेव्हा नव्हता.

आणि एक गोष्ट जी नव्या मुलांना कुणी सांगत नाही ती म्हणजे संगीताचं कॉलेज. कोलोनच्या संगीत विद्यापीठात जॅझचा स्वतंत्र विभाग आहे, आणि अशा कॉलेजांत विद्यार्थ्यांचे कार्यक्रम, परीक्षेचे कार्यक्रम चालू असतात, बहुतेक फुकट. तुझ्या वयाची मुलं, घामाघूम होऊन, वर्षभराची तयारी एका तासात मांडतात. मला तिथं ऐकलेले काही बास वादक आजही आठवतात. कॉलेजच्या नोटीस बोर्डवर आणि वेबसाईटवर यादी असते, दर महिन्याच्या सुरुवातीला बघून ठेव. आणि तिथलीच मुलं शहरातल्या जॅम सेशनला (ते काय असतं ते पुढं सांगतो) वाजवतात, म्हणजे तू त्यांना ओळखायला लागलीस की शहर आपोआप उलगडतं. जागा शोधायच्या कशा याचं माझं खरं उत्तर हेच आहे. ॲपवर, गूगलवर जे वर दिसतं ते टुरिस्टांसाठी असतं. वाजवणाऱ्याला ब्रेकमधे जाऊन विचार, तू स्वतः ऐकायला कुठं जातोस? ते खूश होऊन सांगतात.

तिथं भाड्याच्या घरात राहायला लागलीस की रेडिओ-टीव्हीची फी भरावी लागते, महिन्याला घरामागे १८ युरोच्या वर. सगळी भारतीय पोरं त्याच्यावर चिडतात. मी नाही चिडलो कधी, कारण त्या पैशातनं इतर अनेक गोष्टींबरोबर डब्ल्यूडीआर बिग बँड चालतो, रेडिओचा पगारी जॅझ ऑर्केस्ट्रा, मुक्काम कोलोन. आपल्या आकाशवाणीच्या स्टाफ आर्टिस्टसारखंच, पण बिग बँड. त्यांचे कार्यक्रम शहरात होत असतात, बघत राहा.

पैशाचं बोलू. क्लबच्या दारावर विद्यार्थ्यांना वेगळा दर असतो, त्याला ते एर्मेसिग्ट म्हणतात, आयडी कार्ड जवळ ठेव आणि न लाजता दाखव. काही ठिकाणी प्रवेश फुकट असतो आणि मधे टोपी फिरते. आपल्याकडं आरतीचं ताट फिरतं तसं. त्यात नाणी टाकू नकोस, पाच युरोची नोट टाक, कारण त्या रात्रीची वादकांची कमाई बऱ्याचदा तेवढीच असते. दारू प्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही. आप्फेलशोर्ले माग, सफरचंदाचा रस आणि सोडा, एका ग्लासावर अख्खा सेट निघतो आणि कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही. न्यूयॉर्कला गेलीस कधी तर तिथं काही क्लबांत तिकिटाच्या वर किमान एक ड्रिंक घ्यावंच लागतं, बिलावर टीप वेगळी, ते हिशोबात धर.

एकटीनं जायचं का, तर जा. माझ्या ओळखीच्या दोन मराठी मुली कोलोनमधे एकट्याच यायच्या. जॅझ क्लबात एकटं बसलेलं माणूस ही नेहमीची गोष्ट आहे, निम्मे लोक एकटेच आलेले असतात. पहिल्यांदा जाशील तेव्हा पहिल्या सेटला जा, साडेआठ-नऊच्या आसपास सुरू होतो, ब्रेक झाला की घरी निघ. बसायचं ते वादकांच्या जवळ किंवा बारच्या काउंटरला, मागच्या अंधाऱ्या टेबलावर नाही. काउंटरवाला दोन-तीन वेळात ओळखायला लागतो आणि मग तो तुझ्याकडं लक्ष ठेवतो, हे मी बघितलंय. घरी जायचा रस्ता दिवसाउजेडी एकदा चालून ठेव. आईला सांग की काकांनी सांगितलंय, जागा बघून दिलीय.

आता जॅम सेशन, कारण तुझ्यासाठी सगळ्यात कामाचं तेच आहे. ठरलेल्या वारी असतं, हाऊस बँड, म्हणजे क्लबचे ठरलेले वादक, पहिला सेट वाजवतो, मग एक वही किंवा कागद असतो, ज्याला वाजवायचंय तो नाव आणि वाद्य लिहितो, आणि एकमेकांना कधी न भेटलेली चार माणसं वर जातात. कोणतं गाणं, कोणती पट्टी, एवढंच बोलतात, एकजण चुटकीनं लय देतो आणि सुरू. नव्या माणसाला हे जादू वाटतं, पण तू मिरजेची आहेस, तुला वाटायला नको. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ ला गेले, तेव्हापासून त्यांच्या आठवणीत मीरासाहेबांच्या उरुसाला दर्ग्यात गाणं होतं, बाहेरगावचा गवय्या येतो, आपला मिरजेचा तबलजी तालीम न करता बसतो, आणि जमतं. का जमतं? कारण तीनताल दोघांचा आहे. तिथं तीनतालाच्या जागी फॉर्म असतो.

फॉर्म एवढा एक शिकून जा, विमानात बसायच्या आधी. ब्लूज असेल तर बारा बार, प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. जुनी गाणी बहुतेक ३२ बारची, आठ-आठचे चार तुकडे, पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा ज्याला ब्रिज म्हणतात, चौथा परत पहिल्यासारखा. म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन. आधी सगळे मिळून चाल वाजवतात, मग एकेकजण त्याच आवर्तनांवर उपज करतो, आणि शेवटी परत चाल. सोलो चालू असताना चाल कुणी वाजवत नाही, पण ती सगळ्यांच्या डोक्यात फिरत असते, खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, त्याच क्रमानं जात राहतात. तू हातावर मोजत राहा. पहिल्या दिवशी हरवशील, दहा दिवसात ब्रिज आला की आपोआप मान हलेल. ज्या रात्री ड्रम सोलो चालू असताना, कुणी चाल वाजवत नसताना, तुला आवर्तनाची सुरुवात बरोबर सापडेल आणि सगळे एकदम त्याच जागी येतील ना, त्या रात्री मला मेसेज कर. समेला आल्याचा आनंद तोच आहे, फक्त त्याला वाट लांबची आहे.

कान कुठं लावायचा तर सॅक्सोफोनला नाही, तो ऐकू येतोच. ड्रमरच्या उजव्या हाताखालची मोठी झांज, राइड म्हणतात, तो ठेका. बास प्रत्येक मात्रेला एक सूर चालवत नेतो. डाव्या पायाची झांजांची जोडी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटते. टाळी द्यायची वेळ आली तर दुसऱ्या-चौथ्यालाच दे, आपला हात सवयीनं पहिल्याला जातो. पुढं पुढं दोघं चार-चार बार वाटून घेतात, चार सॅक्सचे चार ड्रमचे, ते तुला लगेच कळेल, आपला सवाल-जवाब. दाद मात्र वेगळी. आपण जागेवर वाहवा करतो, तिथं सोलो संपला की टाळ्या. मधे एखादा ओरडतो पण तो जुना जाणता असतो. आणि बास सोलोच्या वेळी बोलू नकोस, सगळी खोली तेव्हाच गप्पा मारायला लागते आणि त्या माणसाला किती लागतं ते मी जवळून बघितलंय.

तबल्याबद्दल मला स्वतःचं एक सांगायचंय. कोलोनला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी तबला घेऊन एका जॅम सेशनला गेलो. अमेरिकेत सात वर्षं ऐकलं होतं, वाटलं येतंय. मध्यलयीचं गाणं होतं. मी आपला भरपूर वाजवला, दुगुन, तिरकिट, मधेच तिहाई घेऊन समेला आलो आणि ती सम माझी होती, त्यांची नव्हती, त्यांचा ब्रिज अजून अर्धा बाकी होता. ड्रमरनं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तबला बघून वाजवतातच. खाली उतरल्यावर बासवाला, साठीचा माणूस, माझ्याजवळ येऊन बसला आणि शांतपणे म्हणाला, हात छान आहे तुझा, पण आम्ही काय वाजवत होतो ते सांगशील? मला सांगता आलं नाही. त्या रात्री ट्रामनं न जाता चालत घरी गेलो. त्यानंतर एक वर्ष मी तबला बाहेर काढला नाही, दर आठवड्याला ड्रमरच्या शेजारी बसलो आणि नुसता बास ऐकला. एका वर्षानं त्याच बासवाल्यानं मला वर बोलावलं, तेव्हा मी बहुतेक वेळ फक्त डाव्या हाताचा घुमारा आणि हलकी चाटी वाजवली. पुढं जवळजवळ चार वर्षं आम्ही एकत्र वाजवलं.

हे सांगायचं कारण, परदेशात आपलं वाद्य बघून लोक कौतुक करतात आणि त्या कौतुकात शिकायचं राहून जातं. ज्यांनी खरंच दोन्हीकडचं एकत्र आणलं त्यांनी आधी समोरच्याचं ऐकलंय. झाकिरभाई ऐक, शक्ती या बँडमधला झाकिर वेगळा आणि जॅझ सॅक्सोफोनवाल्या चार्ल्स लॉइडबरोबरचा वेगळा. तालवादक त्रिलोक गुर्टू ऐक, गायिका शोभाताई गुर्टूंचा मुलगा, आणि शोभाताई म्हणजे आपल्या शेजारच्या बेळगावच्या. ठुमरीच्या घरात वाढलेला माणूस जॅझ ट्रम्पेटवाल्या डॉन चेरीबरोबर वाजवायचा, हॅम्बुर्गला राहतो, तुला कोलोनवरनं ट्रेननं चारेक तास. त्याचा कार्यक्रम जर्मनीत लागला तर तेवढ्यापुरता मोठ्या नावाच्या मागे न पळायचा माझा नियम मोड.

आणि कुणी म्हणालं की सांगली-मिरजेच्या पोरीचा आणि जॅझचा काय संबंध, तर मनाला लावून घेऊ नकोस. मुंबईत ताजमधे १९३५ ला लिऑन ॲबीचा बँड वाजवत होता, त्यांच्याकडनं गोव्याच्या पोरांनी उचललं, आणि तेच लोक पुढं हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. आपण लहानपणापासून ते ऐकतोय, नाव माहीत नव्हतं एवढंच. आमच्या घरी काका रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लावायचे, विलिस कोनोव्हर सावकाश इंग्रजीत बोलायचा आणि मधे जॅझ वाजवायचा, खरखरीतनं येणारा तो ट्रम्पेट मी मिरजेत अंथरुणात पडून ऐकलाय. आणि लग्नाच्या बँडमधला सॅक्सोफोन ज्यानं बनवला तो अडॉल्फ साक्स बेल्जियममधल्या दिनॉचा, कोलोनवरनं सुट्टीत एका दिवसात जाऊन येण्यासारखं गाव आहे, जाऊन ये.

कोलोनच्या ऑपेरा हाऊसवरनंही एकदा नक्की जा. २४ जानेवारी १९७५ ला रात्री साडेअकराला, ऑपेरा संपल्यावर, किथ जॅरेट तिथं एकटा पियानोला बसला. आयोजक होती व्हेरा ब्रँडेस, १८ वर्षांची मुलगी. पियानो चुकीचा आणून ठेवलेला, लहान, वरचे सूर पत्र्यासारखे, खर्ज बारीक, पेडल नीट चालेना. त्यानं आधी नकार दिला, तिनं विनवलं, मग त्यानं बहुतेक मधल्या सप्तकात राहून, डाव्या हातानं तेच तेच घोळवत तासभर वाजवलं आणि ते रेकॉर्डिंग जगभर गेलं. तू गेल्यावर तुझ्यापेक्षा लहान पोरीनं हे घडवलं हे लक्षात राहू दे.

तर तबला ने, जरूर ने, पण पहिलं वर्ष खोलीत रियाजाला. थंडीत हीटरनं हवा कोरडी होते, चामडं ताणतं, सूर अर्ध्या पट्टीनं वर जातो आणि गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) वर ठोकून पण उतरत नाही. म्हणून हीटरच्या शेजारी कधी ठेवू नकोस, वापर नसेल तेव्हा जाड कव्हरमधे, खोलीच्या थंड बाजूच्या भिंतीला. तिथं पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं चामडं, बसवून देणारा सहज मिळत नाही, त्यामुळं निघायच्या आधी मिरजेतनं दाहिन्याच्या दोन जास्तीच्या पुड्या तुझ्या मापानं करून घे, गुरुजींना बरोबर घेऊन जा. दाहिना केबिनमधे घे, डग्गा कपड्यात गुंडाळून चेक-इनला, आणि हातोडी चेक-इनच्याच बॅगेत टाक, केबिनमधे ठेवलीस तर सिक्युरिटीवाले काढून घेतात.